देशमाने सर आणि विशालचा वाकडा अंगठा

ज्या माणसाला मी मुलीचा बाप समजून दारातनं कटवायला बघत होते, ते देशमाने सर काल गेले.

मला लिहिता येत नाही. मी बोलतेय, नात प्रतीक्षा टाइप करतेय. मधेमधे डोळे पुसायला थांबावं लागतंय. तिला. मला नाही.

माझा नातू विशाल बेसबॉल खेळतो. कॅचर आहे. म्हणजे फटका मारणाऱ्याच्या मागं उकिडवं बसायचं आणि चेंडू झेलायचा. तोंडाला जाळी, छातीला गादी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, पोरगं मोहोळ काढायला निघालंय.

ही गोष्ट तो बारावीला होता तेव्हाची. नवीन लीग निघाली होती. टीमवाले एकेक नाव पुकारून पोरं वाटून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. विशालला बाकी काही नको होतं. त्यात आपलं नाव आलं पाहिजे, बस.

अशात एक दिवस सफेद शर्टातला एक माणूस आमच्या गावात, माकणीत उतरला.

हॉटेलात चहा घेत विचारतोय, विशाल कसा आहे? व्यसन आहे का? घरात कोण कोण? मोठ्यांचं ऐकतो का?

आमच्याकडं अशी चौकशी एकाच कामासाठी होते.

माणूस घरी पोचायच्या आधी शेजारीण पोचली. "आजी, विशालला स्थळ आलंय."

मिसरूड फुटलं न्हाय आणि स्थळ कसलं. मी ठरवलं, पाहुण्याला चहावर वाटेला लावायचं. पोहे पुढं ठेवले की लोक होकार समजतात.

ते बाजेवर बसले. "मावशी, पोरगा शांत आहे का?"

"झोपल्यावर."

"राग येतो का?"

"हरला की जेवत न्हाय. मग थोड्या वेळानं दोघांचं जेवतो."

ते हसले. मला वाटलं, ह्यो गडी काही सहज उठत नाही.

"गुडघे कसे आहेत?"

पोरीच्या बापानं जावयाचे गुडघे विचारलेले मी तोवर ऐकले नव्हते. म्हटलं, "गुडघे झकास. अंगठा बाद आहे."

चहाची कपबशी तिथंच थांबली.

आता हे खरं होतं. दिवाळीत चेंडू लागून उजवा अंगठा मोडला होता आणि वाकडाच बसला होता. कोचला कळू नये म्हणून विशाल वरनं पट्टी गुंडाळायचा. पण सकाळी तांब्या हातातनं सुटायचा, ते मला दिसायचं. लग्नाच्या बोलणीत खोड लपवली तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मी सगळं सांगून टाकलं. शिवाय पाहुणा पळाला तर बरंच.

पाहुणा पळाला नाही. म्हणाला, "मावशी, मला पोरगी नाही द्यायची. मी लीगसाठी खेळाडू बघत फिरतो. तुमचा विशाल मला घ्यायचा होता."

होता, म्हणाले.

मी म्हटलं, "मग आधी सांगायचं व्हतं की."

"आधी सांगितलं असतं तर पोहे मिळाले असते. अंगठा कळला नसता."

तेवढ्यात विशाल प्रॅक्टिसहून आला. त्यानं मैदानावर बघितलेल्या सरांना ओळखलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"आजी, तू लग्न मोडायला गेलीस आणि माझं करिअर मोडलंस."

त्या दिवशी तो जेवला नाही. थोड्या वेळानंही नाही.

ड्राफ्टच्या दिवशी सगळं घर मोबाईलभोवती बसलं होतं. नावं आली, संपली. विशालचं आलं नाही. सरांनीच टीमवाल्यांना सांगितलं होतं, ह्या वर्षी याला घेऊ नका.

मी सरांना लई शिव्या घातल्या. प्रतीक्षा म्हणतेय, त्या टाइप करायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दारात. विशालला म्हणाले, "चल, सोलापूरला. हाडाच्या डॉक्टरला दाखवू."

विशाल म्हणाला, "सर, तुम्हीच नाव कापलंत ना?"

"कापलं. असाच खेळला असतास तर दोन महिन्यांत हात गेला असता. मी ह्या वर्षी नको म्हटलंय. कधीच नको, असं म्हटलेलं नाही."

डॉक्टरनं हाड परत मोडून सरळ बसवलं. प्लास्टर निघाल्यापासून सर दर रविवारी एसटीनं यायचे. हातात ताकद यावी म्हणून विशालला ओले कपडे पिळायला लावायचे. घरातलं सगळं धुणं त्यानंच पिळलं. सर बाजेवर बसून म्हणायचे, "अजून पाणी आहे त्यात." असं सुख मला सुनेनं कधी दिलं नाही. ती पण हे वाचणार आहे.

ते रविवार फार आठवतात. सर यायचे, म्हणून गल्लीतली पोरं यायची. चेंडू कौलावर जायचा, मी ओरडायचे, सर खाली मान घालून हसायचे.

पुढच्या वर्षी ड्राफ्टच्या आधी सरांनी टीमवाल्यांना अंगठ्याचं सगळं सांगितलं. कसा मोडला, कसा लपवला, कसा बसवला. काही झाकलं नाही.

तरी नाव पुकारलं.

विशाल मोबाईल टाकून पळाला, ते थेट बाजेवर बसलेल्या सरांच्या गळ्यात. मी तिथंच होते. माझ्या गळ्यात नंतर पडला.

सरांना एकच लेक, ती लांब परदेशात. तिला पोचता येत नव्हतं. विशाल टीमच्या कॅम्पमधनं निघाला आणि आज सकाळी सोलापुरात सरांच्या घरी पोचला.

आत्ता त्याचा फोन आला होता.  म्हणाला, "आजी, सरांना अग्नी मी दिला."

मी म्हटलं, "बरं केलंस बाळा."

सर, लई फिरलात दुसऱ्यांच्या पोरांसाठी. आता निवांत बसा.

माकणीच्या ह्या म्हातारीचा तुम्हाला मनापासून नमस्कार.