गायकवाड काकांचे दहा सेकंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पॉडकास्टवर माझं सगळं विकून झालंय — वडिलांची दारू, मोडलेलं लग्न, मूळव्याधसुद्धा. एवढं एक सोडून.

कॉमेडी करायला लागायच्या आधी मी कल्याणच्या एका कम्युनिटी रेडिओवर होतो. रविवारी सकाळी फोनवर क्विझ घ्यायचो. प्रश्न विचारायचा, उत्तराला दहा सेकंद द्यायचे, मग बझर. बझर म्हणजे माझ्या टेबलावरचं एक बटण. आणि घड्याळ — ते फक्त मला दिसायचं.

कल्याणजवळच्या मोहने गावातून गायकवाड काकांचा फोन यायचा. कारखान्यातून रिटायर झालेले, वाचन दांडगं. "जय भीम, गायकवाड बोलतोय," हे एकदम स्वच्छ म्हणायचे. उत्तराची वेळ आली की मात्र जीभ अडकायची. पहिलं अक्षर तीन-तीनदा, मग श्वास, मग शब्द. पण यायचा, आणि बरोबरच यायचा.

एका रविवारी त्यांची वेळ खरंच संपली. शब्द अर्धा तोंडात असताना बझर वाजला, आणि मी त्यांच्यासारखंच अडखळत सॉरी म्हणालो. स्टुडिओतले सगळे हसून फुटले. ती क्लिप डोंबिवली-ठाण्यापर्यंत फिरली. माझं नाव झालं ते तिथून.

पुढच्या रविवारी — थांबा, नीट सांगतो. पुढच्या रविवारी काका वेळेत उत्तर देणार हे मला ऐकू येत होतं. शब्द बाहेर आलेलाच. घड्याळात सात सेकंद झालेले. मी बटण दाबलं.

चुकून? नाही. त्यानंतर वर्षभर दाबत राहिलो. कधी सातला, कधी सहाला. काका "चुकलं माझं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

रेडिओ चालू असतानाच पॉडकास्ट सुरू केला, त्यात 'बझर काका' नावाचं पात्र केलं. ते एवढं चाललं की ठाण्यात लाइव्ह क्विझ शो मिळाला. शोच्या आधी एक म्हातारं जोडपं मला भेटायला आत आलं. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला तो माणूस "जय भीम" म्हणाला आणि मी गार पडलो. आवाज ओळखलेला.

वाटलं, आता हे माझी कॉलर धरणार. पण बोलल्या त्या काकी. मोबाइलमधलं स्टॉपवॉच दाखवत म्हणाल्या, "आम्ही रोज सकाळी प्रॅक्टिस करतो. मी प्रश्न वाचते, वेळ लावते. घरी हे आठ सेकंदात सांगतात हो. रेडिओवर वेळ तुम्ही लावता, तिथंच काय होतं कळत नाही. तुमच्याकडे काही युक्ती असेल तर सांगा ना."

काकांनी हात जोडले. आपल्यामुळे शोचा खोळंबा होतो, त्याची माफी मागितली. माझ्याकडे!

तेव्हा बोलता आलं असतं ना? एकच वाक्य होतं. मी काय म्हणालो? "प्रॅक्टिस चालू ठेवा, काकी." आणि त्यांना चौथ्या रांगेत बसवलं.

दहा मिनिटांनी स्टेजवर जाऊन मी तोच किस्सा सांगितला. स्टॉपवॉच, आठ सेकंद, जोडलेले हात — सगळं, दोघांच्याही आवाजात. हॉल नुसता कोसळत होता. काकासुद्धा हसत होते, आजूबाजूच्या लोकांकडे बघून.

मग क्विझ सुरू झाली. इथे घड्याळ मोठ्या पडद्यावर होतं, सगळ्यांना दिसणारं. पहिल्या स्पर्धकाला पूर्ण दहा सेकंद मिळाले. काकी पडद्याकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. बझर वाजला तेव्हा त्यांचे ओठ थांबले. किती लांब असतात दहा सेकंद, आणि रेडिओवर काकांना एवढे मिळत नव्हते — ते त्यांना कळलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं.

त्या उठल्या, काकांचा दंड धरला. काका उठेनात. त्यांना पुढचा प्रश्न ऐकायचा होता.

मी तो विचारला.