विहीणबाईंचे गुडघे आणि वाळुंजाची साल

हसायचं नाही, या अटीवर सांगते. चहा उकळतोय तोवर ऐकून घ्या, कारण माझ्या तोंडून हे परत निघणार नाही. आमचे हे म्हणतात, अख्ख्या ठाण्यात तुझ्याइतकं तोंडावर कुणी आपटलं नसेल!

सुरुवात झाली ऋचाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या लग्नात. बुफे ठेवलेला. त्या गडबडीत विहिणीची पंगत राहूनच गेली! मुलाच्या आईला पाटावर बसवायचं, ताटाभोवती रांगोळी काढायची, आग्रह करकरून वाढायचं. ते सोडून माझ्या विहीणबाई दुखरे गुडघे घेऊन लायनीत उभ्या, हातात ताट, पुढे पनीरवाल्यांची ढकलाढकली. आणि त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं हो! याचं उट्टं उद्या माझ्या पोरीवर निघालं तर?

म्हणून ठरवलं, काय वाटेल ते करून विहीणबाईंना खूश करायचं.

त्यात मोबाईलवर वाचलं की वाळुंजाच्या सालीचा काढा गुडघेदुखीवर रामबाण. वाळुंज म्हणजे ते नदीकाठचं झाड, परदेशातल्या विलोचं आपल्याकडचं भावंड. झालं! वर्तकनगरहून रिक्षा केली ती थेट नौपाड्यात, काष्ठौषधींच्या दुकानात. दुकानदार बिचारा भला माणूस.

"काकू, दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा हं."

"अहो, झाडाची साल ती! तिचा कसला आलाय साइड इफेक्ट?"

शिकवतेय कुणाला, तर जन्म त्या दुकानात काढलेल्या माणसाला! पण मी अशीच आहे. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

घरी येऊन साल उकळायला ठेवली. हे पेपर टाकून धावत आले. "अगं, कपाट शिजवतेयस का?"

मी लक्षच दिलं नाही. गाळलं, बाटली भरली आणि रविवारी डोंबिवलीला विहीणबाईंच्या हातात ठेवली. "रोज अर्धी वाटी, सकाळी खाल्ल्यावर. मी स्वतः घेतेय हो, महिना झाला. माझे गुडघे बघा!" असं म्हणून मी त्यांच्या हॉलमध्ये दोन उठाबशा काढून दाखवल्या. दुसरीतून वर येताना कळ मस्तकात गेली. पण चेहऱ्यावर हसू कायम!

आठवड्यानं फोन केला. "काय म्हणतायत गुडघे?"

"बरे आहेत हो. फरक वाटतोय."

आता सांगा, एवढ्यावर शहाण्या बाईनं थांबावं की नाही? मी कुठली थांबतेय! जावईबापूंचं ऑफिस घोडबंदर रोडला. दर शनिवारी घरी जाताना त्यांना आमच्या दारात थांबवायचे आणि नवी बाटली स्कूटरच्या डिकीत घालायचे. फोनवर विचारायचे, "आता जिना चढता येत असेल ना?" त्या म्हणायच्या, "हो, येतो की." पुढच्या आठवड्यात, "मांडी घालून बसता येत असेल?" "हो हो, बसते ना." मी विचारत गेले, त्या हो म्हणत गेल्या. तीन महिन्यांत मी त्यांना फोनवर ठणठणीत करून टाकलं!

योगाच्या क्लासला तर मला वैदूबाई म्हणायला लागले. आणि मी खुशाल म्हणवून घेत होते.

मग मी कळस केला. नवस! आमच्या माहेरची एक देवी आहे, बदलापूरच्या पुढे टेकडीवर. दोनशे ऐंशी पायऱ्या. मी विहीणबाईंना फोन लावला. "अहो, मी देवीला बोलले होते, तुमचे गुडघे बरे झाले की दोघी चढून येऊ, जोडीनं ओटी भरू. आता झालेत की बरे!"

"नवस बोललात?" त्या हळूच म्हणाल्या.

"बोलले ना!"

"मग यायलाच हवं."

नवसाला नाही कोण म्हणणार? जावईबापूंनी आम्हाला गाडीनं पायथ्याशी सोडलं आणि ते झाडाखाली बसले. आम्ही दोघी ओटीच्या पिशव्या घेऊन निघालो. पहिल्या वीस पायऱ्या गप्पा मारत. पुढच्या वीस नुसतंच हसत. त्यानंतर हसूही संपलं. माझा उजवा गुडघा असा बोंबलत होता म्हणता! पण थांबणार कशी? बरी झालेली बाई चढतेय आणि बरी करणारी बसली, असं कुठे असतं?

बासष्टाव्या पायरीवर विहीणबाई मटकन खाली बसल्या.

"सुषमाताई, मला माफ करा. मी तुमचा काढा एक थेंबसुद्धा घेतलेला नाही."

"अं?"

"मला हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करायची गोळी आहे. डॉक्टरांना बाटली दाखवली तर ते केवढे ओरडले! म्हणाले, ही साल म्हणजे ॲस्पिरिनची आजी. दोन्ही एकदम घेतलं तर रक्तस्राव व्हायचा."

खरंच सांगते, त्या क्षणी गुडघासुद्धा विसरले. मला तो दुकानदार आठवला. केवढं करून बसले असते मी! "अहो, मग सांगितलं का नाही मला?"

"ऋचा म्हणाली, आई फार मनाला लावून घेईल. पंगतीचं अजून तिच्या मनात आहे, म्हणून आपण ओतून टाकू आणि बरं वाटतंय म्हणू."

घ्या! मी इकडे पोरीला सासुरवास होईल म्हणून झुरतेय आणि पोरगी सासूशी संगनमत करून आईला गुंडाळतेय! डोळे भरून आले हो माझे. रागानं नाही, आनंदानं.

"आणि पंगतीचं म्हणाल," त्या म्हणाल्या, "तर पाटावर बसवलं असतंत ना, तर मला उठवायला चार माणसं लागली असती. मी तर सुटले!"

दोघी हसलो. मग त्या माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाल्या, "पण तुम्हाला मात्र गुण आला हो सालीचा. रोज घेता ना?"

आता देवीच्या पायऱ्यांवर बसून किती खोटं बोलणार?

"एकदाच घेतला," मी म्हटलं. "एक घोट."

"आणि मग?"

"बेसिनमध्ये थुंकला. कडू किती आहे तो!"

विहीणबाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग तोंडाला पदर. चढणारी-उतरणारी माणसं थांबून बघायला लागली, इतक्या त्या हसत होत्या.

"अहो, मग दोन्ही घरांत मिळून," मी विचारलं, "हा काढा नेमानं घेतला तरी कुणी?"

"आमच्या कढीपत्त्यानं. ऋचा रोज सकाळी कुंडीत ओतायची."

माझ्यातली वैदूबाई अजून मेली नव्हती बघा. मी लगेच पुढे सरकले. "मग? त्याला काही फरक?"

विहीणबाईंनी डोळे पुसले आणि माझा हात हातात घेतला.

"दुसऱ्याच महिन्यात गेला हो."