चार परातींचा जावई

माणूस बाकावर उताणा पडून छातीवरून किती वजन वर ढकलू शकतो, यावरच त्याची खरी ओळख पटते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. भाऊजींना जाऊन आता काही महिने झाले. घरात त्यांचा विषय निघाला की आधी कुणाला तरी हसू येतं आणि मग सगळेच गप्प होतात. म्हणून म्हटलं, हसण्याचा भाग आधी लिहून काढावा.

भाऊजी आमच्या बेटावर, रोझ बेलला, साखरेच्या मळ्यावर सरदार होते. सरदार म्हणजे तलवारीचे नव्हेत. ऊसतोडणीच्या टोळीवर देखरेख करणारे. पहाटे मळ्यावर जायचे, दुपारी परत यायचे, आणि चहा घेतला की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचे. ही शेड म्हणजे त्यांची व्यायामशाळा. सत्तरच्या दशकात आमच्याकडे लोखंडी वजनं शहरातल्या एखाद्या क्लबात असली तर असत. भाऊजींनी ती एका परदेशी मासिकातल्या चित्रात पाहिली आणि घरी तयार केली. दांडा म्हणून त्यांनी कारखान्याच्या भंगारातून उसाच्या जुन्या गाडीचा आस आणला. दोन्ही टोकांना अडकवायला चकत्या हव्या होत्या, तर त्या त्यांनी माझ्या बहिणीच्या परातीत सिमेंट ओतून पाडल्या. ही परात तिच्या लग्नात आमच्या आईने दिलेली. आक्का पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, "माझ्या माहेरच्या परातीत ह्यांनी कणीक सोडून सगळं मळलं."

चकत्या चार होत्या. पहिल्या दोन रोझ बेलच्या काळ्या दगडाच्या रेतीत झाल्या. मग रेती संपली. त्याच सुमारास भाऊजी आमच्याकडे सुरिनामला, म्हणजे बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या गावी, आले होते, तेव्हा त्यांनी किनाऱ्यावरची पोवळ्याची पांढरी वाळू गोणीत भरून नेली आणि उरलेल्या दोन त्या वाळूत पाडल्या. एकाच परातीतून निघाल्यामुळे चारही चकत्या दिसायला सारख्या. आकार सारखा म्हणजे वजन सारखं, यात भाऊजींना शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. काळी रेती जड आणि पोवळ्याची वाळू हलकी, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. तरी दोन्ही बाजूंना एक काळी, एक पांढरी लावली असती तर निभावलं असतं. पण भाऊजींचा एक नेम होता: एका दिवशी जन्मलेल्या जुळ्यांची ताटातूट करायची नाही. त्यामुळे दोन्ही काळ्या डावीकडे आणि दोन्ही पांढऱ्या उजवीकडे, अशी ती भावंडं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून राहिली.

परिणाम असा झाला की रोझ बेलच्या त्या शेडमध्ये जो कुणी व्यायाम करी, तो नकळत डावा हात जास्त रेटायला शिके. त्यांच्या गल्लीतला शिंपी स्वतः तिथे रोज यायचा. तो एकदा मला दबक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, सरदाराच्या माणसांचे सदरे शिवायचे तर डावी बाही सैल ठेवावी लागते. माझीसुद्धा." हे भाऊजींना सांगायची मात्र सोय नव्हती. एका बसकंडक्टरने एकदा बाकावरून उठत सरळ सांगितलं, "सरदार, तुमचा दांडा वाकडा हाय." भाऊजी शांतपणे म्हणाले, "दांडा सरळ हाय. तू वाकडा हायस." आणि त्याला महिनाभर शेडमध्ये पाय ठेवू दिला नाही. तेव्हापासून सगळे जण डावीकडे जोर लावत आणि तोंड मिटून ठेवत.

वजन मोजायचं त्यांचं माप म्हणजे परात. पौंड नाही, किलो नाही. नुसता दांडा म्हणजे कोरडा. एकेका बाजूला एक चकती म्हणजे दोन पराती. आणि सगळा संसार चढवला की चार पराती. नव्या माणसाची ओळख झाली की इतर लोक गाव विचारतात, आडनाव विचारतात. भाऊजी विचारत, "किती पराती?" सत्यनारायणाला आलेल्या भटजींना त्यांनी हे तीर्थप्रसाद घेताघेता विचारलं. एकदा छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर छातीला नळी लावतोय आणि हे खालून त्यालाच विचारतायत, "आणि तुम्ही? तुम्ही किती ढकलता?" मी संध्याकाळी बैठकेत, म्हणजे आपल्या समाजाच्या शाळेत, मुलांना मराठी शिकवायचो. माझा आकडा त्यांना पहिल्याच दिवशी कळला होता. कोरडा दांडासुद्धा माझ्या छातीवरून उठला नव्हता. पण त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही. "मास्तरचं वजन डोक्यात हाय," असं ते लोकांना सांगत, आणि मग मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात पुस्ती जोडत, "म्हणून तर वर येत न्हाय."

त्यांचा खरा राग फुटबॉलवर. जवळच्या कॉलेजचा संघ सरावानंतर कधीकधी त्यांच्याकडे यायचा. आमच्याकडे कॉलेज म्हणजे माध्यमिक शाळाच, पण ही पोरं अंगाने चांगली वाढलेली असत. मांड्या उंबराच्या खोडासारख्या, आणि बाकावर आडवी झाली की दोन परातींखाली माशासारखी तडफडत. भाऊजींना त्याचा फार आनंद व्हायचा. "पाय काय, खेकड्यालापण असतात!" असं म्हणून ते बेकरीवाल्याला हाक मारत. हा बेकरीवाला पोट सुटलेला, पिठाने पांढरा झालेला, मधल्या वेळेत येऊन चार पराती सहज वर लोटायचा आणि पुन्हा भट्टीकडे पळायचा. "बघा रे गार्सों लोक," भाऊजी पोरांना म्हणत, "ह्यो रोज पहाटे कणीक लोटतो. तुम्ही काय लोटता? हवा!" पोरं हसत. त्यातलं एखादं म्हणे, "पण सरदार, ह्याला गोल करता येतो का?" त्यावर भाऊजींचं उत्तर ठरलेलं होतं: "त्याचं पोटच गोल हाय."

अशा माणसाला एकच मुलगी होती. ती वयात आली तेव्हा भाऊजींनी जाहीर केलं की जावई चार परातींचा हवा. आक्का म्हणाली, "अहो, लेकीला नवरा बघताय की गाडीला बैल?" पण ते हटले नाहीत. तीन स्थळं आली. तिन्ही मुलांनी चहा प्यायला, लाडू खाल्ला, शेडमध्ये जाऊन बाकावर पडले आणि डावीकडे कलंडले. भाऊजींनी प्रत्येकाला हात देऊन उठवलं, पाठीवरची धूळ झटकली आणि फाटकापर्यंत पोचवून आले. प्रत्येक वेळी परत येताना ते शीळ घालत असत. ती शीळ ऐकून आक्का मला म्हणाली, "ह्यांना जावई नकोच आहे रे. हिला पाठवायचं जिवावर येतंय, म्हणून ह्या पराती."

त्या तिघांबद्दल माझ्या भाचीला काही वाटत नव्हतं. चौथ्याचं तसं नव्हतं. हा मुलगा रिव्हिएर दू रांपारचा. घरची भाजीची लहानशी शेती, आणि स्वतः तिकडच्या एका कॉलेजात खेळ शिकवायचा. त्याहून वाईट म्हणजे शाळकरी वयात तो फुटबॉलमध्ये नाव काढून होता. भाची मला येऊन म्हणाली, "मामा, मला ह्याच्याशीच लग्न करायचंय. पळून जाणार न्हाय मी. पण बाबांनी ह्याला फाटकापर्यंत पोचवलं, तर मी पुन्हा कुणासमोर चहा घेऊन येणार न्हाय." ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून मला जास्त काळजी वाटली. फुटबॉलवाला, आणि त्यात घर बेटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, मध्ये राजधानीत बस बदलून जायचं. भाऊजींच्या दृष्टीने नकाराला याहून चांगली कारणं देवानेही दिली नसती.

तो रविवारी सकाळी आईवडिलांना घेऊन आला. त्यांनी टोपलीभर वांगी आणि दुधी आणला होता. चहा झाला. भाऊजी उठले, धोतर नीट केलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "चला, जरा मागं जाऊ." मुलाची आई बिचारी समजली की देवघर दाखवतायत, तिने पदर डोक्यावर घेतला. शेडमध्ये शिंपी आणि बेकरीवाला आधीच येऊन उभे होते. मुलाने सदरा काढून घडी घातली, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाकावर पडला. भाऊजी उशाशी उभे राहिले. ते प्रत्येकाच्या उशाशी असेच उभे राहत, दांडा निसटला तर धरायला.

त्याने दांडा छातीवर घेतला. चार पराती. आणि लोटायला लागला. उजवी बाजू वर आली, डावी तिथेच राहिली. दांडा कलायला लागला. मुलाची मान लाल झाली, पाय जमिनीत रुतले. ते पाय मात्र खरंच बघण्यासारखे होते. "आयो!" त्याची आई दारातून म्हणाली. तोंडातल्या तोंडात तो पुटपुटला, "पा कापाव," जमत नाही. शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याने छपराकडे पाहिलं. दोघांचेही डावे खांदे आपोआप वर चढले होते. मी मात्र भाऊजींच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते मुलाकडे बघतच नव्हते. शेडच्या दाराशी त्यांची लेक उभी होती, रिकामा ट्रे छातीशी धरून. ती फक्त आपल्या वडिलांकडे बघत होती.

भाऊजी खाली वाकले आणि म्हणाले, "पोरा, डावीकडं जोर लाव. ती बाजू जड हाय."

मुलाने दातओठ खाल्ले, डावा हात रेटला, दांडा थरथरत सरळ झाला आणि वर गेला. भाऊजींनी त्याला बोटही लावलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगू शकतो. त्यांनी दांडा त्याच्या हातातून घेऊन खुंट्यांवर ठेवला आणि मुलाच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "कोरेक. ठीक हाय. तारीख बघा." बेकरीवाल्याला राहवलं नाही. "सरदार, म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला ठाऊक..." "तू जा," भाऊजी म्हणाले, "तुझा पाव जळतोय." त्या दिवशी त्यांनी शीळ घातली नाही.

लग्न झालं. पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी भाऊजींनी शेडमध्ये जाऊन एक काळी चकती उजवीकडे नेली आणि एक पांढरी डावीकडे आणली. मी विचारलं, "भाऊजी, जुळी वेगळी केलीत?" ते म्हणाले, "राहतात. सवय होते." चकत्यांना झाली असेल, माणसांना मात्र झाली नाही. आता दांडा समतोल झाला आणि सगळ्या रोझ बेलचं कंबरडं मोडलं. जो तो डावीकडे रेटायचा आणि उजवीकडे कोसळायचा. बेकरीवाला दोन परातींवर आला. शिंपी म्हणाला, "सरदार, पूर्वीचा वाकडा बरा होता, तो तरी सरळ जायचा." भाऊजी नुसते हसले. त्यांचं लक्ष शेडमधून थोडं उडालं होतं. दर रविवारी ते राजधानीत बस बदलून उत्तरेला जायला लागले, आणि जाताना घरचा भोपळा खांद्यावर घेऊन जायचे. जिथून सगळ्या बेटाला भाजी जाते, त्या गावाला. विहीणबाई तो भोपळा आनंदाने घ्यायच्या आणि आपल्या परसातल्या भोपळ्यांच्या ढिगात ठेवायच्या.

ऐंशीच्या दशकात, ते थकायला लागले होते तेव्हा, एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो. जेवण झालं आणि भाऊजी व्हरांड्यातल्या चटईवर उताणे पडले. नातीला जन्मून थोडेच महिने झाले होते. भाचीने तिला आणून त्यांच्या छातीवर ठेवलं आणि ती आत भांडी आवरायला गेली. पोर थोडा वेळ चुळबुळली, मग तिथेच झोपून गेली, गाल त्यांच्या सदऱ्यावर दाबून. भाऊजी श्वाससुद्धा जपून घेत होते. दुपार सरकत गेली. व्हरांड्यात ऊन आलं, ते त्यांच्या पायांवर चढलं. त्यांचा हात आखडला असावा, कारण बोटं उघडमीट करताना दिसत होती. परतीची बस निघून जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी हळूच वाकून विचारलं, "भाऊजी, उचलू का हिला?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "नको रे मास्तर," ते म्हणाले. "असू दे."