क्लेमेन्सच्या स्वयंपाकघरातून गेलेली रेघ

एमिल वेट्झेल राज्याच्या रस्तेखात्यात मोजणीदार होता. नोकरी पक्की, माणूस सरळ. राजधानी कसली, मोठं गावच ते. गव्हर्नरसुद्धा किराणा आणायला स्वतः जायचा. पण मोठा हमरस्ता गावाला वळसा घालून गेला, आणि तिथून थेट विधानभवनापाशी येणारा दीड मैलाचा फाटा हवा, असं वरच्यांच्या मनात आलं. त्याची आखणी चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये एमिलच्या टेबलावर आली. रेघ त्याच्या मेव्हण्याच्या, क्लेमेन्सच्या, स्वयंपाकघरातून जात होती.

जाहीर होईपर्यंत बाहेर अवाक्षर काढलंस तर घरी बसशील, असं साहेबानं बजावलं. एमिलनं बायकोला, लिओनालाही सांगितलं नाही.

त्याच उन्हाळ्यात क्लेमेन्सनं आईसाठी खाली खोली बांधायला काढली. म्हातारीला जिना चढवत नव्हता. एमिलनं सुचवून पाहिलं की पुढच्या वर्षी बांध, लाकूड स्वस्त होईल.

"आईचे गुडघे थांबतील का पुढच्या वर्षापर्यंत?" क्लेमेन्स हसला आणि त्याच्या हातात हातोडी दिली.

सहा शनिवार दोघांनी मिळून खोली उभी केली. म्हातारी अंगणात बसून एमिलला म्हणायची, जावई असावा तर असा. तो पुढचा खिळा ठोकायला घेई.

पुढच्या मार्चमध्ये घरं सोडायच्या नोटिसा आल्या. शाळेच्या सभागृहात नकाशा टांगला. लोक आपापली घरं शोधत होते. क्लेमेन्स मात्र कोपऱ्यातली तारीख आणि तिच्याखालची सही बघत उभा राहिला. मग तो एमिलपाशी आला.

"खिळे मारताना तुला ठाऊक होतं?"

"हो."

"सहाही शनिवार?"

"हो."

क्लेमेन्सनं मान हलवली, टोपी घातली आणि निघून गेला. त्यानंतर तो एमिलशी एक शब्द बोलला नाही.

घर पाडलं. क्लेमेन्स गावाबाहेर दोन खोल्यांत गेला, म्हातारी चर्चच्या वृद्धाश्रमात. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. शवपेटीला खांदा द्यायला सहा जण बोलावले, त्यात जावई नव्हता.

लिओनानं नवऱ्याला सोडलं नाही. एकदाच म्हणाली, "नोकरी गेली असती तर मी लोकांची धुणी धुतली असती, एमिल. मला तर सांगायचंस." पुढं दर रविवारी ती एकटीच भावाकडे जायला लागली.

आणि मग रस्त्याचा निधी आटला. खात्यानं फाटा मधेच थांबवून चौकातल्या सिग्नलला जोडला. क्लेमेन्सच्या घरापर्यंत तो पोचलाच नाही. त्या जागेला कुंपण घातलं आणि आत गवत वाढलं. ते कापायला वर्षातून दोनदा खात्याची गाडी पाठवायची, त्या कागदावर निवृत्त होईपर्यंत एमिलचीच सही असे.

गेल्या ऑक्टोबरात क्लेमेन्स वारला. एमिल चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसला. प्रार्थना संपल्यावर मंडळी रिवाजाप्रमाणे चर्चच्या तळघरात जेवायला उतरली. लिओनाही उतरली. त्याला कुणी चल म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही.

तो गाडीत जाऊन बसला. बाहेर वारा सुटला होता. दीड तासानं लिओना आली आणि शेजारी बसली. तिच्या अंगाला सूपचा वास येत होता.

"चल," ती म्हणाली.

त्यानं गाडी सुरू केली.