बाळारामचा अळणी डबा

बाळारामचं पथ्याचं जेवण वर्षभर मी जेवलो, आणि गेल्या महिन्यात बाळाराम गेला. पनवेलच्या कचेरीत आम्ही दोघे कारकून, टेबलाला टेबल लावून बसायचो. त्या दुपारी ‘डोकं लय ठणकतंय’ म्हणाला, उठायला गेला आणि खुर्चीतच कलंडला... शुद्धीवर आलाच नाही.

बाळाराम मिठागरावरचा. बाप-आज्याची हयात मीठ ओढण्यात गेली, हा घरातला पहिला कारकून. डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधून फुगा दाबला आणि सांगितलं, रक्ताचा दाब फार आहे, मीठ तोडा. हा हसतच कचेरीत आला. “मिठागरवाल्याला सांगतो मीठ तोड! माशाला सांग म्हणावं, कोरडा ऱ्हा.” दिसायला टणक, कधी चिडणं नाही, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा. मी तिथल्या तिथे निदान केलं, “अरे, दाब वाढतो साहेबांचा. आपल्या पगारात तो बसत नाही.” तो म्हणाला, “अप्पा, तू डाक्टर हवा होतास.” मला ते खरंच वाटलं.

मधल्या सुट्टीत सगळे डबे एकत्र उघडायची आमची रीत. यमुनावहिनी त्याला वेगळं, अळणी रांधून देऊ लागल्या. डबा भरलेला परत गेला तर त्याही जेवायच्या नाहीत. तेव्हा तोडगा मीच काढला. त्याची अळणी भाजी मी खायची, माझी सुक्या बोंबलांची चटणी आणि लोणचं त्यानं. मैत्रीखातर हो! डबा लख्ख परत जायचा. वहिनी शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, “एक शीत टाकत नाय.” बाळाराम हे कचेरीत येऊन सांगायचा आणि आम्ही टाळ्या देऊन हसायचो...

तो गेला आणि कचेरीनं धसका घेतला. जो तो बाही वर करून डॉक्टरांपुढे. काहीही होत नसलेल्या दोघांना औषध सुरू झालं. माझा दाब मात्र उत्तम निघाला. डॉक्टर म्हणाले, “जेवण असंच चालू ठेवा.”

परवा वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, “माज्याच हातून मीठ पडत असंल कदी... नायतर पथ्य एवढं पाळून माणूस जातो का?” मग मला राहवेना. डब्यांची अदलाबदल, माझा तो उत्तम दाब, सगळं सांगून टाकलं. सूप थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. मान वर न करता त्या म्हणाल्या, “पथ्य तुमी पाळलंत, भावजी. गुण तुमालाच येणार.”