तीन वाव, नाखवा

आजवर हिरामणने ही गोष्ट पन्नासएक जणांना तरी सांगितली असेल, आणि त्यांतल्या एकानेही ती खरी मानली नव्हती. ऐकून घेत, चहा पाजत, वर पाठीवर थाप मारून म्हणत, "तू पन ना, हिरामणदादा!"

गोष्ट तशी साधी होती. चौऱ्याहत्तर वर्षांचा हिरामण तरुणपणी एका फिरत्या तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. पावसाळा सरला की तंबू निघे आणि मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत एकेक कोळीवाडा घेत जाई. मशीन चालवणं हे त्याचं काम. इंग्रजी पिक्चर असलं की माइकवर बसून ते आपल्या बोलीत सांगणं हेही त्याचंच. हे दुसरं काम त्याला कुणी दिलं नव्हतं. पडद्यावरचे गोरे लोक फार वेळ बोलायला लागले आणि बायका कंटाळून उठायला लागल्या, तेव्हा एकदा त्याने माइक ओढला, तो पुढे सुटलाच नाही. हिरामणला इंग्रजी येत नव्हतं. चेहरे वाचता येत होते, तेवढ्यावर भागत होतं.

त्यात एक लढाईचं पिक्चर होतं. काळं-पांढरं, जुनं. शत्रूच्या पाणबुड्या एका अरुंद खाडीत दडलेल्या, खाडीच्या तोंडाला भला मोठा लोखंडी दरवाजा, आणि सात विमानांनी दोन कड्यांच्या मधून, पाण्याला पोट घासेल इतकं खाली उडत जाऊन तो दरवाजा फोडायचा. किनाऱ्यावर त्याला 'इमानांचं पिक्चर' म्हणत. पहिल्याच खेळाला, तंबू गच्च भरलेला असताना, हिरामणने पाचवा डबा उघडला तर आत भलत्याच पिक्चरचं रीळ निघालं. त्यात कुणाचं तरी लग्न चाललं होतं. चार रिळं विमानांची तयारी बघितलेली माणसं आता लग्न बघणार होती होय? त्यांनी तंबूचे खांब उपटले असते. तंबूचा मालक शेठ घामाघूम होऊन म्हणाला, "हिरामण, तोंड चालव."

मग हिरामणने जे केलं ते त्यालाही नंतर नीट सांगता येत नसे. त्याने फिल्म न लावता मशीनचा दिवा चालू ठेवला. औषधाची एक निळी बाटली लेन्सपुढे धरून हळूहळू फिरवली, तसा पडदाभर पाण्याचा हलता उजेड झाला. बाहेरचा जनरेटर ओढून तंबूच्या कनातीला भिडवला, त्याची घरघर विमानाची झाली. आणि एका हाताने बाटली, दुसऱ्या हाताने माइक धरून तो बोलत राहिला. विमान पाण्यापासून किती वर आहे हे सांगायचं तर इंग्रजी माप त्याला कुठलं ठाऊक? बाप होडीतून दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली बघायचा, दोन्ही हात पसरले की एक वाव, तेच माप त्याच्या तोंडात आलं. "पाच वाव... चार वाव..." आणि मग खाली वाकून पाणी बघणारा विमानातला खलाशी कप्तानाला ओरडून सांगतो, "तीन वाव, नाखवा!" त्या वाक्याला तंबूत कुणी श्वास घेतला नाही. दरवाजा फुटला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी लुगडी वर घेतली, पाणी अंगावर येईल म्हणून.

अकरा मिनिटं. असं चार हंगाम चाललं. पाचवं रीळ शेठने कधी आणलं नाही, कारण गरजच उरली नव्हती.

पुढे तंबू बंद पडला. हिरामण आगरदांड्याच्या जेट्टीवर लागला, दिघीला जाणाऱ्या फेरीची तिकिटं फाडत राहिला. फेरीत माणसं एकमेकांना तो प्रसंग सांगताना त्याला ऐकू येई. आधी मनातल्या मनात उकळ्या फुटत. मग तो मध्ये बोलायला लागला, "अरे, ते पडद्यावर नव्हतंच." मग चिडायला लागला. लोकांना पाणी आठवे, कडे आठवत, कप्तानाच्या कपाळावरचा घाम आठवे. तो घाम कुठल्या बाजूच्या भुवईवर थांबला यावरून दोघांचं भांडण झालेलं त्याने ऐकलं होतं. हिरामण मात्र कुणालाच आठवत नसे. त्याला जास्त काही नको होतं. मरायच्या आधी कुणी एकाने म्हणावं की ती इमानं हिरामणने उडवली, बस.

म्हणून अलिबागच्या कॉलेजातल्या कल्पिता मॅडमचा फोन आला तेव्हा तो उभा राहून बोलला. तिला ते पिक्चर सापडलं होतं, अख्खं, साफसूफ केलेलं, आणि ते ती त्याच्याच गावात शाळेच्या हॉलमध्ये दाखवणार होती. त्याचा सत्कारही होता. हिरामणने तिला सगळी हकिगत सांगितली, बाटलीसकट. तिने पत्रिकेत छापलं, 'हिरामणकाका इंग्रजी चित्रपट प्रेक्षकांना समजावून सांगत.' ती पत्रिका त्याने चार वेळा वाचली. समजावून सांगत!

कार्यक्रमाच्या दिवशी तो तासभर आधी गेला. मुलं खिडक्यांना होडीवरची निळी ताडपत्री बांधत होती.

"मॅडम, तो प्रसंग आला की आवाज बंद करा. मी सांगतो."

कल्पिता गोड हसली. "पण काका, आता तो प्रसंग आहे ना."

त्याने शाल घेतली, नारळ घेतला आणि पहिल्या रांगेत बसला.

तीन वाजता पिक्चर सुरू झालं. खाली मराठीत अक्षरं येत होती. म्हातारी माणसं ती न वाचता पडद्याकडे बघत होती, आणि चार रिळांएवढा वेळ सगळं ठीक चाललं. मग विमानं निघाली. हिरामणही पहिल्यांदाच बघत होता. विमानं खेळण्यातली वाटत होती. कप्तान काहीतरी पुटपुटला, खाली अक्षरं आली, 'साठ फूट.' दरवाजा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वाकला, थोडा धूर झाला आणि एक गोरा माणूस ऑफिसात फोनवर बोलायला लागला. सगळं मिळून चार मिनिटं.

"ए बाय!" मागून रतनबाईचा आवाज आला. मासळी बाजारात तो एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाई. "मधला कापलास काय?"

कल्पिताने पिक्चर थांबवलं. "नाही आजी, काहीच कापलेलं नाही."

"मंग तीन वाव, नाखवा कुठं गेला? पानी कुठं हाय? फसवतेस काय आमाला?"

"व्हय, व्हय, कापलाय!" चार-पाच जण एकदम बोलले.

हिरामण उठला. इतक्या वर्षांत अशी संधी आली नव्हती. पुरावा समोर होता.

"रतन, ते मी बोललेलो. माइकवर. गोरा मानूस वाव कशाला म्हनेल? त्यांच्यात वाव असतंय काय?"

रतनबाईने कमरेवर हात ठेवले. "का? त्यांच्यात दर्या न्हाय? दर्या हाय तर वाव पन हाय."

हॉल हसला. कुणीतरी टाळीही दिली.

"अगं, पडद्यावर नुसता उजेड होता! मी बाटली फिरवत होतो!"

"येडा झालास काय? माझ्या डोल्यांनी बघलाय. तो कप्तान घामानं भिजलेला."

मागून आणखी एक आवाज आला, "अरे, रीलं ऑपरेटरकडंच राहतात. यानं घरात दडवला असंल."

बघता बघता हेच सगळ्यांना पटलं. हिरामणने कल्पिताकडे पाहिलं. तिला तर फोनवर सगळं सांगितलं होतं. ती जवळ आली, तिचे डोळे चमकत होते. "काका, खरंच तुमच्याकडे रीळ आहे? कदाचित आपल्याकडे वेगळी प्रिंट आली असेल. तसं व्हायचं पूर्वी. तुम्ही मला आधी का नाही बोललात?"

त्या दिवसापासून घराला चैन राहिली नाही. येणारा जाणारा माळ्याकडे मान वर करून बघे. दोघे तर शिडी घेऊन आले. हिरामणची बायको नीराबाई लग्न होऊन आली तेव्हा तंबू बंद पडलेला होता, ती तरी काय सांगणार? "देऊन टाका ना, असंल तर," ती भाकरी थापता थापता म्हणाली, आणि हिरामण न जेवता पानावरून उठला.

पाचव्या दिवशी सकाळी रतनबाई आली. टोपली उंबऱ्याशी ठेवून खाली बसली. आज तिचा आवाज लहान होता.

"हिरामण, मी भांडायला न्हाय आले. मना एकदाच बघायचा हाय तो. आमचं लगीन नवं होतं. तीन वाव झाले तवा यांनी माझा हात धरला, दरवाजा फुटेस्तोवर सोडला न्हाय. चारचौघांत! तवा कोन धरायचा हात?" ती पदराने टोपलीवरचं पाणी पुसत राहिली. "ते जाऊन नऊ वर्सं झाली. तू तेवढा दाखव. कुनाला सांगनार न्हाय मी."

हिरामणच्या जिभेवर तेच वाक्य आलं होतं, पन्नास वेळा बोललेलं. पडद्यावर काही नव्हतं, रतन.

"भिजला," तो म्हणाला. "त्या वादळात पत्रे उडाले ना, तवा. फेकून दिला."

रतनबाई उठली. मग तिने टोपली उचलून डोक्यावर घेतली, आणि तिचा बाजारातला आवाज परत आला.

"येवढी चांगली चीज, आनी तुना जपता न्हाय आली?"

"न्हाय जपता आली."

"सांगायचास तरी! आमी ठेवला असता आमच्या घरी, कोरड्यात." गल्लीत उतरल्यावरही ती बोलतच होती, भेटेल त्याला थांबवून. "भिजवला यानं! हातात होता, भिजवला!"

दुपारपर्यंत सगळ्या कोळीवाड्याला कळलं. हिरामण जेट्टीकडे निघाला तर जाळी विणणाऱ्यांनी हात थांबवले. त्यांतला एक त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय काम केलं यानं आयुष्यभर? एक रील सांभालायचा, तो पन जमला न्हाय." हिरामण थांबला, त्याच्याकडे वळला, आणि मग जेट्टीकडे चालू लागला.