धुक्यातली ड्यूटी

पौषातली सकाळ. नांदेडच्या विमानतळावर धुकं इतकं दाट उतरलं होतं, की धावपट्टीपलीकडच्या दवभरल्या हरभऱ्याचा आंबूस गंध तेवढा येत होता. शिवार मात्र दिसत नव्हतं. हैदराबादला जाणारं विमान लांबलं होतं, आणि काउंटरवर मी, कंधारची एक मुलगी, ठेवणीतलं हसू लावून उभी होते.

ते हसू आधीच्या विमान कंपनीतलं. तिथे प्रवासी चिडला, की साहेब आम्हालाच सगळ्यांदेखत हात जोडून माफी मागायला लावत. हळूहळू मी कुणाच्याही डोळ्यांत न पाहता गोड बोलायला शिकले.

त्या सकाळी लातूरच्या एका व्यापाऱ्याने काउंटरवर हात आपटला. "लोकांची थट्टा लावली काय तुम्ही?" सवयीने माझे हात जुळू लागले, तोच आमच्या व्यवस्थापक रिझवाना मॅडम माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, धुकं काही या पोरीनं आणलं न्हाई. बोलायचं ते माझ्याशी बोला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जा, चहा पिऊन ये. मी हाय इथं."

आल्याचा तो वाफाळता चहा पिताना डोळे भरून आले, आणि गंमत म्हणजे हसूही आलं. परतताना समोरची माणसं मला जणू प्रथमच दिसू लागली. कोपऱ्यात लोहा गावची एक माय पदराला पीळ देत बसली होती. सकाळपासून तिने कुणाला काही विचारलंच नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले.

"बंगळुरात लेक बाळंत व्हायलीय, पहिलीच खेप हाय. हैदराबादहून पुढचं दुसरं विमान निघून गेलं तर मी कुठं जाऊ, पोरी?"

हैदराबादच्या सहकारी मुलीला फोनवर फोन करून मी मायला बंगळुराच्या नंतरच्या विमानात जागा मिळवून दिली, हैदराबादला उतरल्याबरोबर तिला घ्यायला कुणी येईल असं बघितलं. यातलं काहीच करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. कोवळं ऊन वर आलं, धुकं विरलं, आणि मायचं विमान उडालं.

ड्यूटी केव्हाच संपली होती.

"घरी न्हाई गेलीस अजून?" मॅडमनी विचारलं.

"निघायलेच, मॅडम," म्हणत मी तिथेच घुटमळले. अखेर माझा फोन वाजला. पलीकडून मायच बोलत होती, "पोरी, बसले बघ दुसऱ्या विमानात! अन् खिडकी भेटली!"

मी एकटीच मोठ्याने हसले. काम दोन्ही कंपन्यांत तेच, गणवेशही जवळपास त्याच निळ्या रंगाचा. मग कंधारच्या बसमध्ये बसल्यावर एकसारखं वाटत राहिलं, इतकी वर्षं ही मी होते तरी कुठे?